संपूर्ण किनारा

आषाढातल्या पुरात खाडीने आपले मुख बदलले आणि दोन वाड्यांची झोप उडवली.

तोवर वरची वाडी आणि खालची वाडी यांच्यामधली हद्द म्हणजे खाडीचे मुख, हे लहान पोरालाही ठाऊक होते. पुराने वाळूचा दांडा भलत्याच ठिकाणी फोडला. खालच्या वाडीची वाळूची पुळण, जिथे त्यांच्या बापजाद्यांनी रापण ओढली, ती सगळी पाण्याखाली गेली. आणि जुन्या मुखाच्या जागी घोड्याच्या नालासारखी नवीकोरी, गुळगुळीत पुळण वर आली. जाळ्याचे एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडीने समुद्रात वळसा घालायचा, दुसरे टोक किनाऱ्याला आणायचे आणि दोन्हीकडच्या दोऱ्या माणसांनी ओढायच्या, ही रापण. आणि तिला अशी पुळण मागूनही मिळत नाही. देवाने ती न मागता दिली, पण नेमकी दोघांच्या मधोमध दिली.

वरची वाडी म्हणाली, हद्द म्हणजे खाडी. खाडी सरकली, हद्द सरकली, पुळण आमची. खालची वाडी म्हणाली, आमची जागा गेली तिची ही भरपाई. दोघांचेही खरे होते, त्यामुळे भांडण मिटण्याचा संभव नव्हता. आधी ते तोंडाने झाले, मग वल्ह्याने. वरच्या वाडीतल्या एकाचा खांदा निखळला, खालच्या वाडीतल्या एकाचे पुढचे दात गेले, आणि प्रकरण मालवणच्या कचेरीत पोचले.

महाराष्ट्र राज्य होऊन वर्ष उलटले होते. मामलेदार नवे होते, घाटावरचे. खालच्या वाडीच्या वतीने त्यांच्यापुढे दाजी उभा राहिला. सारी हयात तांडेल म्हणून, म्हणजे रापणीचा म्होरक्या म्हणून काढलेला म्हातारा. त्याने खाडी कशी फुटली ते हातवारे करून सांगितले. मामलेदारांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि गोड आवाजात म्हणाले, "आजोबा, मराठीत बोला."

"साहेबानू," दाजी म्हणाला, "मगे मी इतको वेळ खंयच्या भाषेत बोलतंय?"

कारकून हसला. मामलेदार हसले नाहीत, पण त्यांनी टाक खाली ठेवला. ठरले ते असे: नारळी पुनवेनंतर साहेब स्वतः जागेवर येणार. प्रत्येक वाडीने नीट मराठी बोलणारा एक माणूस पुढे करायचा. तोवर नव्या पुळणीवर कोणीही जाळे टाकायचे नाही.

दाजी घरी आला, पडवीत भिंतीकडे तोंड करून बसला आणि त्याने बोलणे टाकले.

वरच्या वाडीला माणसाची चिंता नव्हती. त्यांचा तांडेल बाबली मुंबईच्या गोदीत काही वर्षे होता आणि गरज पडली की 'आहे' आणि 'नाही' म्हणत असे. खालच्या वाडीत शोधाशोध होऊन नाव निघाले ते दाजीच्याच मुलाचे, काशीरामाचे. काशीराम चौथीपर्यंत शिकला होता. चौथीत तो दोनदा बसला होता, त्यामुळे वाडीच्या मते त्याचे शिक्षण पाचवीइतकेच झाले होते.

त्या दिवसापासून काशीरामाला जेवण जाईना. वादळात होडी उलटली तर काय करायचे ते त्याला ठाऊक होते. खुर्चीवर बसलेल्या माणसापुढे तोंड उघडल्यावर आतून काय बाहेर येईल, याचा मात्र काही भरवसा नव्हता. बापाची भिंतीकडे वळलेली पाठ दिवसभर त्याच्या समोर होती.

एके दिवशी तो भिकाजी वाण्याच्या दुकानात मीठ आणायला गेला, तेव्हा भिकाजी एका जाडजूड पुस्तकाचे पान फाडून जिऱ्याची पुडी बांधत होता. काशीरामाने उरलेले पुस्तक हातात घेतले. पुढचा पुठ्ठा गेलेला, त्यामुळे नाव कळायला मार्ग नव्हता. पण पहिल्याच पानावर एक राजपुत्र घोड्यावर बसून राक्षसाच्या शोधात निघाला होता आणि त्यातले निम्मे शब्द काशीरामाने जन्मात ऐकले नव्हते. हीच ती मराठी, त्याला वाटले. कचेरीत चालते ती.

"पाठसून फाडतंस?" त्याने विचारले.

"तर? फुडसून फाडल्यार वाचणाऱ्याक सुरवात गावाची नाय," भिकाजी म्हणाला. "शेवट कोणाक व्हयो आसता? सगळ्या गजालींचो शेवट सारखोच."

सुक्या बांगड्यांची एक माळ देऊन काशीरामाने शेवट नसलेले पुस्तक घरी आणले.

पावसाळ्यात समुद्र बंद. घराघरात जुन्या जाळ्यांची डागडुजी चालते. काशीरामाची बायको हिरा जाळ्याचा एक काठ धरून बसे, काशीराम दुसरा. मध्ये पुस्तक, त्यावर पाणी पडू नये म्हणून सुपाचा आडोसा. तो एक वाक्य वाचायचा, चार गाठी मारायचा, तेच वाक्य पुटपुटायचा आणि मग पुढचे वाचायचा.

"'निबिड अरण्यात राजपुत्र एकाकी उभा होता.'"

"निबिड म्हणजे काय ओ?" हिराने विचारले.

"दाट. दाट आसल्याशिवाय तो हरावचो कसो?"

"नि एकाकी?"

"एकटो."

"मगे दाट रानात एकटो उभो होतो, असा सांगूक काय झाला तेंका?"

"तसा सांगल्यार मामलेदार ऐकाचो नाय."

शब्दांचा अर्थ सांगायला घरात कोणी नव्हते; तो राजपुत्राच्या अवस्थेवरून काढावा लागे. राजपुत्र गुहेत शिरला, पुढे राक्षस, मागे दार बंद, आणि तो 'किंकर्तव्यमूढ' झाला. काशीराम त्या शब्दावर अर्धी दुपार अडकला.

"राक्षस समोर इलो नि तेका कायच सुचना नाय झाला. तसा कायतरी," तो शेवटी म्हणाला.

"म्हणजे तुमी साहेबासमोर," हिरा म्हणाली, आणि त्या दिवसापासून हा शब्द घरचा झाला. चुलीवर पेज उतू जाताना काशीराम नुसता बघत राहिला की हिरा ओरडे, "अवो किंकर्तव्यमूढ, झाकण काढा!" नराधम हा शब्द तिने बोक्याला दिला. 'दीनवदन' हा तिला सर्वांत आवडलेला शब्द. तो उच्चारताना ती ओठ खाली पाडून दाखवी आणि पोट धरून हसे.

काशीरामाला हसू येत नव्हते. तो एकेक शब्द एकेका गाठीत बांधून ठेवत होता. त्याचा जाळ्यावरही परिणाम झाला. 'अक्राळविक्राळ' शिकला त्या दिवशीची वीण इतकी आवळ झाली की हिराला ती उसवून पुन्हा घालावी लागली.

दाजीची पाठ तशीच होती. पण एका संध्याकाळी राजपुत्र समुद्रावर आला. "'प्रतिकूल वारा सुटला होता,'" काशीराम वाचत होता, "'तरीही राजपुत्राने धैर्याने शीड उभारले.'"

"वारो खंयचो?" भिंतीकडून आवाज आला.

काशीरामाच्या हातातली सुई थांबली. "प्रतिकूल, बाबा. म्हणजे... उलटो आसतलो."

"उलट्या वाऱ्यार शीड उभारल्यान? बुडतलो."

पुढच्या पानावर नौका बुडाली. दाजीने मान हलवली आणि त्या दिवसापासून तो वाचनाच्या वेळी एक कान या बाजूला करून बसू लागला. तोंड मात्र भिंतीकडेच.

श्रावण लागला तसा काशीरामाचा घोर वाढला, कारण शब्द साठले होते ते सगळे संकटाचे. भयाण, हतबुद्ध, निश्चेष्ट, गिळंकृत. तक्रार करायला त्यांच्याइतके चांगले शब्द नव्हते. पण वाडीने देवळात बसून ठरवले होते की मागणे अर्ध्याचे करायचे. एक दिवस आपला, एक दिवस त्यांचा, म्हणजे शेजारही राहील आणि पोटही. हे ज्या शब्दांत मागायचे ते काही पुस्तकात सापडेनात. राजपुत्र कोणाबरोबर काही वाटून घेतच नव्हता. तो जिंकत होता, हरण करत होता, पादाक्रांत करत होता.

"अर्धो म्हणा, झाला," हिरा म्हणाली.

"अर्धा शेर गूळ, तसो?" काशीराम कळवळून म्हणाला. "तो भिकाजीच्या दुकानातलो शब्द. गिळंकृतच्या बाजूक बसवून बघ."

त्याची खात्री झाली होती की तो शब्द शेवटच्या पानांत असणार. भांडण मिटते ते शेवटी. तेव्हा हिरा वाडीतल्या घराघरात जाऊन भिकाजीच्या पुड्या तपासू लागली. बायका तिला हसल्या, पण हळद-जिरे डब्यात ओतून कागद देत गेल्या. राजकन्येच्या डोळ्यांचे वर्णन सापडले, त्याला हिंगाचा वास होता. राक्षसाचा वध मेथीच्या पुडीवर होता. आणि एका फाटक्या कागदाच्या तळाशी राजा प्रसन्न होऊन म्हणत होता, "वत्सा, माग. काय हवे ते माग." तिथे पान संपले. पुढचे पान मिळाले नाही.

नारळी पौर्णिमेला समुद्रात नारळ पडले आणि धंदा सुरू झाला, वरच्या वाडीचा. त्यांची जुनी जागा शाबूत होती. खालच्या वाडीचे जाळे बांबूवर कोरडे लोंबत राहिले.

रापणीचा एक रिवाज आहे. दोरीला ज्याने हात लावला त्याला मासळी. कोण कुठला विचारायचे नाही, ये म्हणायचे नाही, जा म्हणायचे नाही. त्या रिवाजाच्या आधाराने काशीराम, बापामागे आता स्वतः तांडेल असून, वरच्या वाडीच्या दोरीला लागला. दोरी कंबरेला आडवी घेऊन, टाचा वाळूत रोवून मागे मागे जायचे. मीठपाण्याने भिजलेला काथ्या तळहात सोलून काढतो. बाबली त्याच्याकडे न बघता हाकारे देत होता. वाटे झाले तेव्हा काशीरामाच्या टॉवेलात मूठभर बारीक पेडवे पडले, परक्या माणसाला पडतात तेवढेच. रिवाजाप्रमाणे ते बरोबर होते, म्हणून तक्रारीलाही जागा नव्हती.

हिरा टोपली घेऊन विकत घ्यायला उभी राहिली. बाबलीची बायको मथुरा पुरुषांना देऊन, आपल्या वाडीच्या बायकांना देऊन, पानतंबाखूची चंची सोडून बसली. हिरा उभीच. मग मथुरेने तळाचे फुटके बांगडे पायाने इकडे सारले.

"घे गो. उद्या तुज्या घोवाक वाचूक बळ येताला."

हिराने ते वाळूतून वेचले, धुतले आणि चार वाड्या फिरून विकले.

मामलेदार आले तो दिवस लख्ख उघडा होता. उंडीच्या झाडाखाली शाळेतली खुर्ची ठेवली होती. ती वाळूत एका बाजूला रुतत होती आणि साहेब दर थोड्या वेळाने उठून ती सरळ करत होते. एका अंगाला वरची वाडी, दुसऱ्या अंगाला खालची. दाजी सर्वांच्या मागे, साहेबांकडे पाठ करून.

आधी बाबली बोलला. तो काय बोलला ते काशीरामाने ऐकले नाही. ज्याच्या ओंजळीत पाणी असते तो इकडेतिकडे बघत नाही. काशीराम आपली वाक्ये सांडू नयेत म्हणून डोळे मिटून उभा होता. बाबलीचे झाले. कोणीतरी काशीरामाला पाठीत ढकलले.

"महाराज," काशीराम म्हणाला, आणि त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला. "आषाढ मासाच्या एका भयाण रात्री खाडीरूपी अक्राळविक्राळ राक्षसिणीने आमची भूमी गिळंकृत केली."

साहेबांचा टाक थांबला.

"आम्ही हतबुद्ध झालो. आमच्या नौका निश्चेष्ट पडल्या. आमचे वीर परक्यांची दोरी ओढतात. आणि आमच्या स्त्रिया परक्या पुळणीवर दीनवदनाने उभ्या राहतात."

गर्दीत कोणी खोकले, कोणी हसले. हिरा हसली नाही. श्रावणात पोट धरून हसायला लावणारा तो शब्द आता तिच्या अंगावर बेताचा बसला होता. ती पायाच्या अंगठ्याने वाळू उकरू लागली.

"आपण कीर्तन करता का?" साहेबांनी विचारले.

"नाही महाराज. रापण करतो."

आता सगळेच हसले. साहेबही. पण त्यांनी लिहून घेतले, आणि मान वर करून अगदी सहज विचारले, "बरं, मग तुमची मागणी काय? काय हवं आहे तुम्हाला?"

वत्सा, माग. काय हवे ते माग.

तिथे पान संपत होते. त्यापुढे काशीरामाच्या डोक्यात फाटलेल्या कागदाची कड होती आणि हळदीचा डाग. सारा गाव त्याच्या तोंडाकडे बघत होता. खुर्ची पुन्हा रुतली. तो त्या क्षणी नेमका काय झाला होता ते हिराला एका शब्दात सांगता आले असते. मग पुस्तकात राजपुत्र जे जे मागत आला होता ते एकदम त्याच्या घशात गोळा झाले.

"संपूर्ण किनारा!" काशीराम ओरडला.

खालची वाडी दचकली. वरच्या वाडीचे तोंड उघडे राहिले. मामलेदारांना मात्र हायसे वाटले असावे, कारण आकडा सापडला होता. दोन पक्षांचे म्हणणे ऐकायचे आणि बरोबर मध्यावर रेघ मारायची, ही त्यांची रीत घाटावर कधी चुकली नव्हती. बाबलीने अर्धे मागितले होते. काशीरामाने सगळे मागितले. साहेबांनी बोटांवर हिशेब केला आणि निकाल दिला: नव्या पुळणीवर चार दिवसांतले तीन दिवस खालच्या वाडीचे, एक दिवस वरच्या वाडीचा. सही झाली. साहेब शहाळे पिऊन गेले.

घरी जाताना लोकांनी काशीरामाच्या पाठीवर थापा मारल्या. हिरा दोन पावले मागून चालत होती.

"बाबलीन अर्धोच मागलेल्यान," ती म्हणाली.

"केदवा?"

"तुमच्या आदी. तुमच्या समोर. आमका अर्धो दिल्यास तरी पुरे, म्हणालो. तुमी नुसता होय म्हटल्यात तरी झाला होता."

"माका ऐकाक नाय इला."

"येतला खंयसून? तुमी रानात होतास. निबिड."

काशीरामाला त्या दिवशीही जेवण गेले नाही. आता दुसऱ्या कारणाने.

जिंकलेली पुळण कशी असते ते लवकरच कळले. खालच्या वाडीतले निम्मे तरुण मुंबईला. रापणीची लांब दोरी म्हाताऱ्यांनी, बायकांनी ओढायची ती आजवर वरच्या वाडीच्या हातांच्या जोरावर. भांडणाआधी दोन्ही वाड्यांचे हात दोन्ही दोऱ्यांना असत आणि ते कोणी मोजत नसे. आता वरची वाडी आपला दिवस नसताना पुळणीवर येई, रांगेने उकिडवी बसे आणि हात मांडीवर ठेवून बघे. रिवाजाने त्यांना जा म्हणता येत नव्हते. ये म्हणता येत नव्हते.

पहिल्या दिवशी मासळी थोडी, जाळे हलके, निभावले. दुसऱ्या दिवशी दोरीने म्हाताऱ्यांच्या कंबरा सोलल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी पाण्यावर पक्षी झेपावायला लागले आणि समुद्राचा एक तुकडा ढगाची सावली पडावी तसा काळा झाला. ढग नव्हता. बांगडा होता.

काशीरामाने होडी घातली. वळसा नेमका बसला, थवा पुरता जाळ्यात आला. दोन्ही टोके किनाऱ्याला लागली आणि माणसे दोरीला लागली. थोडे अंतर जाळे आले. मग थांबले.

"ओढा रे!"

हिरा दोरी खांद्यावर घेऊन जवळजवळ आडवी झाली होती. तिच्या पुढे दाजी. त्याला कोणी बोलावले नव्हते. त्याच्या पिंढऱ्यांच्या शिरा दोरीसारख्याच पिळल्या होत्या. ओहोटीने ओढ घेतली आणि जाळे समुद्राकडे एक हात मागे गेले. त्यामागे माणसांच्या टाचांचे चर वाळूत उमटत गेले. जाळ्यात बांगडा उसळत होता, पाणी उकळल्यासारखे. आणखी थोडा वेळ गेला तर ओहोटी जाळे खडपाच्या खडकांवर नेऊन फाडणार, मासळी जाणार आणि जाळेही. पुढचा हंगाम मग परक्या दोरीवर, जन्मभर मूठभर पेडवे.

वरची वाडी रांगेने बसली होती. बाबलीचे हात मांडीवर होते, पण बोटे मिटत होती, उघडत होती. जन्मभर दोरी ओढलेल्या माणसाला दुसऱ्याचे जाळे जाताना बघणेही सोपे नसते.

काशीराम त्यांच्याकडे वळला. छाती भात्यासारखी हलत होती. तोंड उघडले, तर आले ते पुस्तकच.

"साहाय्य!" तो ओरडला. "साहाय्य करा!"

रांगेत खसखस पिकली. "राजपुत्र बोलवता," कोणीतरी म्हणाले. बाबली जागचा हलला नाही.

जाळे आणखी एक हात गेले.

"अवो!" हिरा दोरीखालून किंचाळली. "मराठीत बोला!"

काशीरामाने दोरी सोडली नाही. मान मात्र मागे टाकली आणि होडीवरून किनाऱ्याला हाक द्यावी तसा, पोटाच्या तळापासून ओरडला.

"बाबली! अर्धो! अर्धो रे मेल्या, अर्धो वाटो तुमचो!"

बाबली उठून उभा राहिला. "आजचो?"

"सगळ्याचो! पुळणीचो! एक दिस तुमचो, एक दिस आमचो! येतंस काय जाळा जाऊंदे?"

"साहेबान तीन दिलेहत तुका!"

"साहेब ओढूक येतलो काय?"

बाबलीने क्षणभर विचार केला, की केल्यासारखे दाखवले. मग त्याने धोतर खोचले. तो धावला तेव्हा रांगही धावली. बायका टोपल्या टाकून आल्या. दोरीवर हातांमध्ये हात शिरले. बाबलीने हाकारा दिला, काशीरामाने साथ दिली, आणि जाळे एकदा थरथरून किनाऱ्याकडे यायला लागले.

दुपारी पुळणीवर बांगड्यांचे दोन ढीग पडले होते, डोळ्यांनी बघून सारखे केलेले. माणसे जिथे होती तिथे बसली. हिराने तळवे वाळूवर उताणे ठेवले होते. त्यांना मीठ लागत होते. मथुरा तिच्या शेजारी येऊन टेकली. मथुरेने कंबरेची चंची सोडली, आतली तंबाखूची पुडी काढली आणि चिमूटभर हिराच्या पुढे केली.

हिराने तंबाखू घेतली नाही. ती पुडीकडे बघत होती.

"गो मथुरा, ह्यो कागद भिकाजीकडचो?"

"मगे काय माज्या बापाशीचो?"

"दी हंय. अवो! हय येवा!"

काशीराम लंगडत आला. मथुरेने कुरकुरत तंबाखू पदरात ओतली. कागद तपकिरी झाला होता, घड्यांवर विरला होता. काशीरामाने तो गुडघ्यावर पसरला. भोवती दोन्ही वाड्यांची माणसे गोळा झाली. दाजीही आला, आणि इतक्या दिवसांनी तोंड समोर करून बसला.

"वाच," तो म्हणाला. "मोठ्यान."

"'राजपुत्र हात जोडून म्हणाला,'" काशीराम वाचू लागला. त्याने ओळ बोटाने पुन्हा चाचपली. "'महाराज, मला अर्धे राज्य पुरे.'"

बाबलीने नाक खाजवले.

"अर्धे?" हिराने विचारले. "तोच शब्द? गुळाचो?"

"तोच."

"नि उरलेला अर्धा?" दाजीने विचारले.

"राजाकडेच रवला आसतला."

दाजीने मान वर केली. समोर खाडीचे नवे मुख होते. तिथला वाळूचा काठ सकाळपेक्षा थोडा आत ढासळला होता, हे त्याने पाहिले, काशीरामाने पाहिले, बाबलीनेही पाहिले. पुढच्या आषाढात खाडी कुठे फुटेल ते त्यांच्यातल्या कोणालाच सांगता आले नसते.

"शाणो तुज्यापेक्षा," दाजी म्हणाला. "राज्य काय एकट्याक ओढूक येता?"

कचेरीच्या दप्तरात अजूनही तीन दिवस खालच्या वाडीचेच आहेत. साहेबांना कोणी कळवले नाही. कळवायचे तर कोणीतरी पुन्हा मराठीत बोलायला जावे लागले असते.

काशीरामाने कागदाची घडी घातली आणि ती टॉवेलात खोचणार, तोच मथुरेने हात पुढे केला.

"माजो कागद दी," ती म्हणाली. "तंबाखू वाऱ्यार जाता."